देहानेही आणि प्रभूच्या ठायीही: धर्मगुरूंना आणि धर्मशिक्षकांना खुले पत्र

सर्व पंथांच्या धर्मगुरूंना, पाळकांना आणि लहानथोरांना धर्मशिक्षण देणाऱ्या सर्वांना,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

गुलामगिरी हा शब्द तुमच्या प्रवचनांत येत नाही, असं कोणीच म्हणणार नाही. उलट तो फार वेळा येतो. ‘आपण पापाचे गुलाम होतो, ख्रिस्ताने आपल्याला मोकळं केलं’ हे ऐकल्याशिवाय एकही उपवासकाळ सरत नाही. शिवाय अधूनमधून विल्बरफोर्सची गोष्ट येते: ब्रिटिश संसदेत जवळपास वीस वर्षं चिकाटीने झगडणारा श्रद्धाळू खासदार, मग १८०७ चा कायदा, गुलामांचा व्यापार बंद, देवाची स्तुती असो. या दोन गोष्टींच्या मधे जे घडलं ते मात्र व्यासपीठावरून ऐकू येत नाही. ज्यांच्या पाठीवर खरोखरचे वळ होते आणि ज्यांच्या हातात चाबकासोबत खरोखरचं पवित्र शास्त्र होतं, ती माणसं आपल्या शिकवणीतून गळून गेली आहेत. हे पत्र त्यांच्याबद्दल आहे.

‘झालं गेलं, आता क्षमा मागितली आहे’ असं उत्तर मिळेल हे मला ठाऊक आहे. क्षमेविषयी नंतर बोलते. माझा मुद्दा क्षमेच्या आधीचा आहे. चर्चने गुलामगिरीला आधार दिला तो देवाचं वचन विसरून दिला नाही. स्वातंत्र्याची वाटणी करून दिला. आत्म्याचं स्वातंत्र्य एका बाजूला, देहाचं दुसऱ्या बाजूला. पहिलं आमच्याकडे मिळेल, दुसऱ्याचं मालकाला विचारा. गुलामगिरीचे कायदे गेले, पण ही वाटणी तुमच्या शिकवणीत जशीच्या तशी बसलेली आहे.

ही वाटणी प्रत्यक्षात कशी दिसायची ते पाहा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला साउथ कॅरोलिनात गूस क्रीक इथे फ्रान्सिस लेजाऊ नावाचे अँग्लिकन मिशनरी होते. माणूस निष्ठुर नव्हता. गुलामांचे अवयव तोडण्याच्या शिक्षांविरुद्ध त्यांनी लंडनला पत्रं लिहिली. पण बाप्तिस्मा मागायला आलेल्या गुलामाकडून ते आधी एक कबुली वदवून घेत. देवासमोर आणि मंडळीसमोर उभं राहून त्याने म्हणायचं: मालकाची जी सेवा आणि जे आज्ञापालन मी जन्मभर देणं लागतो, त्यातून सुटावं या हेतूने मी हा बाप्तिस्मा मागत नाही, केवळ माझ्या आत्म्याच्या भल्यासाठी मागतो. हे म्हणून झालं की मग डोक्यावर पाणी. व्हर्जिनियाने तर १६६७ सालीच कायदा करून टाकला होता की बाप्तिस्म्याने गुलामाच्या स्थितीत काही फरक पडत नाही. कायदे करणाऱ्यांना निदान एवढं तरी कळलं होतं की बाप्तिस्मा झालेल्या माणसाला विकताना जीभ अडखळायला हवी. ती अडखळू नये म्हणून कायदा लागला.

आता नव्या करारातल्या फिलेमोनाच्या पत्राकडे या. प्रेषित पौलाच्या पत्रांत हे सगळ्यात छोटं, जेमतेम पंचवीस वचनांचं. प्रवचनाला ते फारसं कोणी घेत नाही. घेतलं तर ‘क्षमा’ किंवा ‘समेट’ असा मथळा देऊन घेतात.

पौल तुरुंगात आहे. अनेसिम नावाचा दास त्याच्याकडे आला आहे आणि विश्वासात आला आहे. पौल त्याला त्याच्या धन्याकडे, फिलेमोनाकडे, परत पाठवतो आणि सोबत चिठ्ठी देतो. अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या समर्थकांना एवढंच पुरेसं होतं: बघा, प्रेषिताने पळालेला गुलाम परत पाठवला! १८५० साली अमेरिकेत पळालेल्या गुलामांचा कायदा झाला. पकडून आणलेला माणूस मालकाच्या ताब्यात दिला तर आयुक्ताला १० डॉलर, सोडून दिला तर ५. आसरा देणाऱ्याला १००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. आणि या कायद्याच्या बाजूने व्यासपीठांवरून फिलेमोनाचं पत्र वाचलं गेलं. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात मोशेचं नियमशास्त्र स्वच्छ सांगतं की धन्याकडून पळून तुझ्याकडे आलेल्या दासाला त्याच्या धन्याच्या हवाली करू नकोस, त्याला आवडेल त्या गावात तुझ्यामध्ये राहू दे. ते वचन त्या दिवसांत बहुधा पानाखाली दबलेलं राहिलं.

पत्र नीट वाचलं तर पौल काय करतोय ते दिसतं. तो म्हणतो, आज्ञा करण्याचं धैर्य मला आहे, पण प्रीतीने विनंती करतो. मग म्हणतो, तो माझं काळीज आहे. मग सोळाव्या वचनात गाभ्याला हात घालतो: त्याला यापुढे दास म्हणून नव्हे, दासापेक्षा अधिक, प्रिय बंधू म्हणून स्वीकार, आणि हे देहानेही आणि प्रभूच्या ठायीही. दोन्ही. लेजाऊंच्या त्या कबुलीने जे कापून वेगळं केलं, ते पौलाने एका वाक्यात एकत्र बांधलेलं होतं. प्रभूच्या ठायी भाऊ आणि घरात दास, अशी सोय तो फिलेमोनाला ठेवत नाही.

आणि तरीही. हा ‘तरीही’ तुम्ही मंडळीपासून लपवू नये असं मला वाटतं. ‘याला मुक्त कर’ हे साधं वाक्य त्या पत्रात नाही. पौलाचा सहकारी तुखिक आणि अनेसिम दोघे फिलेमोनाच्या गावी, कलस्सैला निघतात तेव्हा सोबत मंडळीसाठी दुसरं पत्रही आहे. त्या पत्रात अनेसिमाचं वर्णन ‘विश्वासू व प्रिय बंधू, जो तुमच्यातलाच आहे’ असं आहे, आणि त्याच पत्रात दासांना सांगितलं आहे की आपल्या दैहिक धन्यांच्या आज्ञा सर्व गोष्टींत पाळा. दासांना चार वचनं, धन्यांना एक. फिलेमोनाच्या घरी मंडळी जमत असे. त्या घरात हे पत्र मोठ्याने वाचलं जात असताना अनेसिम कुठे उभा असेल? दाराशी? वाचणाऱ्याच्या शेजारी? ‘दासांनो’ हा शब्द आला तेव्हा लोकांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं असेल का? प्रवचनकाराने मंडळीला त्या खोलीत नेऊन उभं करावं. तिथून सोपं उत्तर घेऊन बाहेर पडता येत नाही.

म्हणूनच ‘शास्त्राचा गैरवापर झाला’ हे वाक्य मला पळवाट वाटतं. गुलाम ठेवणारे सगळेच अडाणी वाचक नव्हते. त्यांच्याकडे वचनं होती, आणि ती खोटी नव्हती. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात परकीयांना कायमचे दास म्हणून विकत घ्या, मुलाबाळांना वतन म्हणून द्या, असं लिहिलेलं आहे. निर्गमच्या एकविसाव्यात, मार खाल्लेला दास एक-दोन दिवस जगला तर धन्याला शिक्षा नाही, कारण तो त्याचं धन आहे, असं लिहिलेलं आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात कठोर धन्यांच्याही अधीन राहायला सांगितलं आहे. त्याच निर्गमाच्या त्याच अध्यायात माणूस चोरून विकणाऱ्याला मरणदंड आहे, आणि तीमथ्याच्या पहिल्या पत्रात असे चोर अधर्म्यांच्या यादीत आहेत, हेही खरं. दोन्ही त्याच पुस्तकात आहेत. मग निवड कशाच्या आधारे करायची? हा प्रश्न तुम्ही आम्हाला शिकवत नाही. तुम्ही निवडलेली वचनं शिकवता.

पहिल्या काही शतकांत मंडळीत गुलाम होते ते केवळ दयेचा विषय म्हणून नव्हते. इ. स. ११२ च्या सुमारास प्लिनी हा रोमन सुभेदार सम्राट त्राजानाला कळवतो की या नव्या पंथाची माहिती काढण्यासाठी मी दोन दासींना यातना दिल्या, ज्यांना ते लोक ‘सेविका’ म्हणतात. म्हणजे मंडळीत पद असलेल्या दोन बायका, आणि कायद्याच्या लेखी यातना द्यायला मोकळे असलेले दोन देह. १७७ साली लियाँमध्ये हुतात्मा झालेल्यांत सगळ्यात कणखर ठरली ती ब्लांदिना, एक दासी. तिची मालकीणही त्याच कैद्यांत होती. ब्लांदिना नाजूक आहे, छळ सोसायची नाही, याची काळजी त्या मालकिणीला वाटत होती. २०३ साली कार्थेजमध्ये फेलिसिती नावाची दासी पर्पेत्वेबरोबर मरणाला सामोरी गेली. पुढे रोमचा बिशप झालेला कॅलिस्तस एके काळी गुलाम होता. हे सगळं अभिमानाने सांगण्यासारखं आहे आणि तुम्ही सांगताही. पण ब्लांदिनेची मालकीण तुरुंगातही तिची मालकीणच होती, हेही त्याच दमात सांगायला हवं.

चौथ्या शतकात पॅफ्लागोनियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) गँग्रा इथे बिशपांची सभा भरली. धर्मनिष्ठेच्या नावाखाली गुलामाला धन्याचा अनादर करायला आणि सेवा सोडून जायला कोणी शिकवील तर तो शापित असो, असा नियम तिथे झाला. नियम करावा लागला म्हणजे असं शिकवणारे लोक होते. त्यांची नावं आपल्या प्रार्थनांमध्ये नाहीत.

त्याच शतकात निस्साचा बिशप ग्रेगरी उपदेशकाच्या पुस्तकावर बोलत होता. ‘मी दासदासी विकत घेतल्या’ या ओळीशी तो थांबला. त्याचा प्रश्न असा: देवाच्या प्रतिमेची किंमत तू किती लावलीस? किती नाणी मोजलीस? सगळं जगही ज्याच्या तोडीचं नाही त्याला विकणारा कोण आणि घेणारा कोण? देव स्वतः माणसाला गुलाम करणार नाही, कारण पापात पडलेल्यांना त्यानेच मोकळं केलं. मग देवाने जे मोकळं ठेवलं त्यावर मालकी सांगणारा देवापेक्षा मोठा झाला की काय? प्राचीन काळात गुलामगिरीच्या मुळावरच घाव घालणारं इतकं स्पष्ट बोलणं दुसरं सापडणं कठीण. इथे पापातून मुक्ती हे वास्तव गुलामगिरी सोसायचं कारण ठरत नाही. ती मोडायचं कारण ठरतं. ग्रेगरीने वाटणी केलीच नाही.

पण पश्चिमेत पाया घातला गेला तो उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टिन याच्या विचाराचा. तो म्हणाला, देवाने माणसाला पशूंवर सत्ता दिली, माणसावर नाही. गुलामगिरी निसर्गातून आलेली नाही, पापातून आली. इथवर ठीक. पण पापाची शिक्षा म्हणून आली असेल तर ती सोसायची, आणि दासाने मनातून मोकळं राहून सेवा करायची. हा विचार पुढे किती जणांच्या सोयीचा झाला! तरी याच ऑगस्टिनच्या म्हातारपणी हिप्पोच्या बंदरात गुलामांचे दलाल माणसं पळवून नेत असताना तिथल्या मंडळीने शंभर-सव्वाशे माणसांना सोडवलं. त्याने स्वतःच पत्रात लिहून ठेवलं आहे. माणसाचा सिद्धान्त एक सांगतो आणि हात दुसरंच करतात, असं धर्माच्या इतिहासात पुष्कळदा दिसतं. कधी ते दैवाने बरं ठरतं, कधी नाही.

नाही ठरलं त्याची उदाहरणं मोठी आहेत. १४५२ साली पोप पाचवे निकोलस यांनी पोर्तुगालच्या राजाला सारासेन (म्हणजे मुसलमान), मूर्तिपूजक आणि ख्रिस्ताच्या इतर शत्रूंना कायमच्या दास्यात ढकलण्याची मुभा दिली. १५३७ साली पोप तिसरे पॉल यांनी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं स्वातंत्र्य आणि मालमत्ता हिरावता येणार नाही असं जाहीर केलं. आफ्रिकेतून जहाजं भरून येतच राहिली. खुद्द लास कासास या स्पॅनिश धर्मगुरूने, मूळ रहिवाशांची बाजू घेऊन आयुष्य वेचलेल्या माणसाने, सुरुवातीला त्यांच्याऐवजी आफ्रिकेतून गुलाम आणण्याची सूचना केली होती. पुढे त्याला तिचा पश्चात्ताप झाला आणि त्याने तो लिहूनही ठेवला. १८३८ साली मेरीलँडच्या जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाने २७२ माणसं लुइझियानातल्या मळेवाल्यांना विकली. त्या पैशातला काही भाग आज जॉर्जटाउन विद्यापीठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कॉलेजाचं कर्ज फेडायला गेला. जून १८६६ मध्ये, म्हणजे अमेरिकेने राज्यघटना दुरुस्त करून गुलामगिरी संपवल्यावर सहा महिन्यांनी, रोमच्या होली ऑफिसने, म्हणजे पोपच्या धर्मसिद्धान्त पाहणाऱ्या खात्याने, कळवलं की गुलामगिरी मुळातच नैसर्गिक आणि दैवी नियमांच्या विरुद्ध आहे असं म्हणता येत नाही.

प्रोटेस्टंट बांधवांनी इथे मान डोलवू नये. ख्रिस्तोफर कॉड्रिंग्टनने मृत्युपत्राने बार्बाडोसमधले आपले उसाचे मळे इंग्लंडच्या चर्चच्या शुभवर्तमान-प्रसारक संस्थेला दिले. गुलामांसकट. त्या मळ्यांवरच्या माणसांच्या छातीवर तापल्या लोखंडाने ‘सोसायटी’ असा शिक्का उठवला जाई. शुभवर्तमान पोहोचवणाऱ्या संस्थेचं नाव, कातडीवर. आणि १८४५ साली अमेरिकेत सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन जन्माला आलं ते गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून नेमावं की नाही या भांडणातून. नेमावं, असं म्हणणारे वेगळे झाले.

मग वाटणी मोडली कोणी? इथे तुमच्या विल्बरफोर्सला मी नाकारत नाही. पण तो आला तेव्हा वाट बरीच तुडवलेली होती. १६८८ साली पेनसिल्वेनियातल्या जर्मनटाउनमध्ये क्वेकर या प्रोटेस्टंट पंथातल्या चार जणांनी आपल्या सभेला लेखी विचारलं की, दुसऱ्यांनी आपल्याला असं पळवून नेऊन विकलेलं चाललं असतं का? सभेने कागद वरच्या सभेकडे सरकवला, तिने आणखी वर, आणि तो बाजूला पडला. पन्नास वर्षांनी, १७३८ साली, बेंजामिन ले नावाचा जेमतेम चार फूट उंचीचा, पाठीला कुबड असलेला क्वेकर बर्लिंग्टनच्या वार्षिक सभेत आला. वरून लांब झगा, आत शिपायाचा पोशाख आणि तलवार. हातात आतून पोखरलेलं पुस्तक आणि त्यात लालभडक फळांच्या रसाने भरलेला फुगा. गुलाम बाळगणाऱ्यांच्या हातांना असंच रक्त लागेल, असं बोलून त्याने पुस्तकात तलवार खुपसली आणि जवळच्या लोकांवर तो लाल रस उडाला. त्याला उचलून बाहेर काढलं. क्वेकरांनी त्याला सभेतूनही काढलं. १७७६ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलाम बाळगणाऱ्याला सभासद राहता येणार नाही असं ठरवलं तेव्हा बेंजामिन ले वारून सतरा वर्षं झाली होती. तुमच्या मंडळीत असा माणूस आला तर त्याला बाहेर काढायला किती जण उठतील, याचा विचार करून पाहा.

आणि जॉन न्यूटन. त्याचं ‘अमेझिंग ग्रेस’ हे स्तोत्र सगळ्या जगाला पाठ आहे, आणि गोष्टही: वादळात देवाचा धावा केला, वाचला, बदलला. ते वादळ १७४८ चं. त्यानंतर, विश्वासात आल्यानंतर, तो गुलामांच्या जहाजांचा कप्तान झाला आणि त्याने तीन सफरी केल्या. रविवारी डेकवर खलाशांना जमवून उपासना घेई; फळ्यांच्या खाली माणसं साखळीत. या धंद्याविरुद्ध त्याने जाहीरपणे लिहिलं ते १७८८ साली. मधली चाळीस वर्षं प्रवचनात एका वाक्यात उरकली जातात. माझ्या मते न्यूटनची खरी शिकवण तिथेच आहे: आत्मा मोकळा झाल्यावरही हात दुसऱ्याला बेडी घालत राहू शकतात, आणि सोबतचे सगळेच तसं करत असतील तर त्या हातांना काही जाणवतही नाही.

पण सगळ्यात जास्त अन्याय झालाय तो गुलामांच्याच वाचनावर. ते कसं वाचत होते हे मळेवाल्यांना तुमच्यापेक्षा चांगलं कळलं होतं. १८०७ साली, म्हणजे गुलामांचा व्यापार बंद झाला त्याच वर्षी, लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी पवित्र शास्त्राची निवडक आवृत्ती छापली गेली. ११८९ अध्यायांतले सुमारे २३२ ठेवलेले. योसेफाची गोष्ट आहे: विकला गेला, इमानाने राबला, भलं झालं. मिसर देशातून लोकांची सुटका नाही. स्तोत्रसंहिता नाही. गलतीकरांच्या पत्रातलं ‘दास व स्वतंत्र हा भेदच नाही’ नाही. इफिसकरांच्या पत्रातलं ‘दासांनो, आज्ञा पाळा’ मात्र आहे. कात्री चालवणाऱ्याला कुठे धोका आहे ते नेमकं माहीत होतं.

फ्रेडरिक डग्लस गुलामीत वाढला. त्याचा मालक थॉमस ऑल्ड १८३२ साली मेरीलँडमधल्या मेथॉडिस्ट मेळाव्यात विश्वासात आला. डग्लसला वाटलं, आता हा आपल्याला सोडील, निदान थोडा मऊ होईल. झालं उलटंच. घरात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना सुरू झाली, उपदेशक मुक्कामाला येऊ लागले, आणि एका लंगड्या तरुण दासीला बांधून, उघड्या खांद्यांवर चाबूक ओढताना ऑल्ड लूकमधलं वचन म्हणत असे: धन्याची इच्छा माहीत असून जो ती करत नाही त्याला पुष्कळ फटके बसतील. डग्लसने ही गोष्ट लिहिली आणि तरीही तो ख्रिस्ताला सोडून गेला नाही. ख्रिस्ताचा धर्म आणि या देशाचा धर्म यांत अंतर आहे, आणि एकाचा मित्र व्हायचं तर दुसऱ्याचा शत्रू व्हावंच लागतं, असं तो म्हणाला.

अमेरिकन धर्मचिंतक हॉवर्ड थर्मन यांच्या आजीचा जन्म गुलामीतला. तिला वाचता येत नसे, नातू तिला शास्त्र वाचून दाखवी. पौलाची पत्रं ती वाचू देत नसे. प्रीतीवरचा अध्याय तेवढा अपवाद. मोठेपणी त्याने कारण विचारलं. ती म्हणाली, मालकाचा उपदेशक आमच्यासाठी यायचा तेव्हा नेहमी ‘दासांनो’ हेच काढायचा. तेव्हाच मी ठरवलं की कधी मोकळी झाले तर तो भाग वाचायचा नाही. ही बाई अशिक्षित होती. तिने केलेली निवड मात्र कुठल्याही धर्मविद्यालयाच्या वर्गात चर्चेला ठेवण्याजोगी आहे. तिला चूक म्हणण्याआधी तुम्ही तिला फिलेमोनाचं सोळावं वचन कधी वाचून दाखवलं होतं, याचं उत्तर द्यावं लागेल.

जमैकात सॅम शार्प नावाचा बाप्टिस्ट डीकन होता. स्वतः गुलाम, वाचता येणारा. कोणालाही दोन धन्यांची चाकरी करता येत नाही, हे वचन त्याने अक्षरशः घेतलं. १८३१ च्या नाताळानंतर, पगार मिळाल्याशिवाय ऊसतोडणीला हात लावायचा नाही, असं ठरलं. बेत संपाचा होता. त्याचं बंड झालं, हजारो लोक त्यात उतरले. मे १८३२ मध्ये शार्पला माँटेगो बेमध्ये फाशी दिलं. तीनशेहून जास्त गुलामांना मृत्युदंड झाला. पुढच्याच वर्षी ब्रिटिश संसदेने गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला. शंभर-दीडशे वर्षं आधी, १६८४ साली, अंगोलाच्या राजघराण्यातला लोरेन्सो दा सिल्वा दे मेंदोन्सा थेट रोमला गेला होता आणि गुलामांवरच्या अत्याचारांविरुद्ध त्याने पोपच्या दरबारात अर्ज केला होता. १६८६ मध्ये होली ऑफिसने त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा निषेधही केला, जो जहाजांच्या मालकांनी मनावर घेतला नाही. विल्बरफोर्स सगळ्यांना माहीत आहे. शार्प आणि मेंदोन्सा किती धर्मशिक्षण-वर्गांत माहीत आहेत?

आता क्षमेविषयी. सदर्न बाप्टिस्टांनी १९९५ मध्ये माफी मागितली. पोप दुसरे जॉन पॉल १९९२ मध्ये सेनेगलच्या गोरे बेटावर जाऊन क्षमा मागून आले. इंग्लंडच्या चर्चने २००६ मध्ये मागितली. रोमने मार्च २०२३ मध्ये पोपच्या त्या जुन्या फर्मानांवर उभा राहिलेला ‘शोधाचा सिद्धान्त’, म्हणजे ‘शोधलेल्या’ मुलखांवर ख्रिस्ती राजांचा हक्क सांगणारा सिद्धान्त, नाकारला. हे व्हायला हवं होतं आणि झालं. पण क्षमायाचना झाली आणि शिकवण तीच राहिली, तर क्षमा कशाबद्दल मागितली हे पुढच्या पिढीला कळणार कसं? ‘आपण सगळेच पापाचे गुलाम’ हे वाक्य सिद्धान्त म्हणून खरं आहे. पण मळ्यावर ते उच्चारलं की मालक आणि गुलाम एका रांगेत उभे राहतात, आणि चाबूक दिसेनासा होतो. तुम्ही आजही ते वाक्य तसंच वापरता. ख्रिस्ताने दासाचं रूप घेतलं आणि वधस्तंभावर मेला, असं फिलिप्पैकरांचं पत्र सांगतं. रोमन जगात वधस्तंभ ही प्रामुख्याने गुलामांची शिक्षा होती. ऐकणाऱ्या पहिल्या लोकांना हे समजावून सांगावं लागलं नसेल. आम्हाला सांगावं लागतं, आणि कोणी सांगत नाही.

आणि हे जुनं प्रकरण नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि तिच्या सहकाऱ्यांच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ४ कोटी ९६ लाख लोक आधुनिक गुलामीत होते. त्यांतले २ कोटी ७६ लाख सक्तीच्या श्रमात. कर्ज दाखवून राबवून घेणं, कागदपत्रं काढून घेणं, पगार अडवणं. आयर्लंडमध्ये धर्मभगिनी चालवत असलेल्या मॅग्डलेन धुलाईघरांमध्ये हजारो बायकांना बिनपगारी राबवलं गेलं. शेवटचं धुलाईघर बंद झालं १९९६ मध्ये. तिथेही भाषा आत्म्याच्या शुद्धीची होती आणि कपडे धुणारे हात देहाचे होते. आपल्या संस्थांमध्ये, धर्मगुरूंच्या निवासांत, वसतिगृहांत, ‘सेवा’ म्हणून कोण राबतं आणि त्याला निघून जाता येतं का, हे विचारण्याआधी उपवासकाळातलं ते वाक्य उच्चारू नये, अशी माझी विनंती आहे.

दुसरी विनंती वाचनाची. रोमन कॅथलिक वाचनक्रमात फिलेमोनाचं पत्र रविवारच्या वाट्याला येतं ते तीन वर्षांतून एकदा, आणि तेही नववं, दहावं आणि बारा ते सतरा एवढीच वचनं. इतर अनेक मंडळ्यांच्या सामाईक वाचनक्रमात ते एकवीसपर्यंत जातं. तो रविवार येईल तेव्हा पंचवीसही वचनं वाचा. तीन मिनिटं लागतात. आणि अठराव्या-एकोणिसाव्या वचनांवर बोला, जिथे पौल म्हणतो: त्याने तुझं काही नुकसान केलं असेल किंवा तो तुझं काही देणं लागत असेल, तर ते माझ्या हिशेबी मांड, मी स्वहस्ते लिहितो, मी फेडीन. पौलाने हिशेब दास धन्याचं देणं लागतो असा धरला. ब्रिटिश संसदेनेही तोच धरला: १८३३ च्या कायद्याने २ कोटी पौंडांची भरपाई मालकांना मिळाली, गुलामांना एक पैही नाही. वर १८३८ पर्यंत सक्तीची ‘उमेदवारी’, म्हणजे जुन्याच मालकाकडे राबणं. त्या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाची शेवटची फेड २०१५ मध्ये झाली. कॉड्रिंग्टनच्या मळ्यांसाठी त्या शुभवर्तमान-प्रसारक संस्थेला ४११ माणसांपोटी ८,८२३ पौंड आणि वर काही शिलिंग मिळाले. जानेवारी २०२३ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या निधी-आयुक्तांनी, आपल्या जुन्या निधीची गुंतवणूक गुलाम वाहून नेणाऱ्या साउथ सी कंपनीत होती हे कबूल करून, १० कोटी पौंड बाजूला काढायचं जाहीर केलं, आणि चर्चमधलेच काही जण त्यावर नाराज झाले. दुसऱ्यांचा पैसा, जुनी पापं, आमचा काय संबंध, असं त्यांचं म्हणणं. त्या म्हणण्याला उत्तर द्यायचं की नाही, आणि द्यायचं तर कुठल्या वचनावरून, हे व्यासपीठावर उभ्या राहणाऱ्याने ठरवायचं आहे. मला मंडळीसमोर या प्रश्नाची उघड चर्चा हवी आहे: वही तीच, देणेकऱ्याच्या जागी नाव कोणाचं लिहायचं?

मंडळीतली एक श्रोती